उरलेल्या सहा काउंट्या

पत्र थोडक्यात असं: कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला राहणारे हे वाचक एकोणपन्नास वर्षांचे आहेत. घरी पत्नी आणि नुकतीच बारावी झालेली एकुलती एक मुलगी. मुलगी सात वर्षांची असताना बापलेकींना जिओकॅशिंगचा, म्हणजे जीपीएसच्या आधारे लपवलेला डबा शोधून आतल्या कागदावर सही करायच्या खेळाचा, नाद लागला. पहिला शोध घराजवळच्या बागेतला, बाकाखाली दडवलेली फिल्मच्या रिळाची डबी. मुलीनं तिच्यात आपल्या माळेतला एक निळा मणी ठेवला होता. पुढे त्यांनी एक आव्हान घेतलं: कॅलिफोर्नियाच्या सगळ्या 58 काउंट्यांत (साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यांत) निदान एकेक डबा शोधायचा. यांच्या 52 झाल्या. डेल नॉर्ट, मोडॉक, लासेन, सिएरा, अल्पाइन आणि इंपीरियल उरल्या आहेत. मुलगी सप्टेंबरमध्ये शिकायला सॅन डिएगोला जाणार, त्याआधी सगळं संपवायचं असा यांचा निश्चय. पण मुलगी दोन-तीन वर्षांपासून येईनाशी झाली आहे. एप्रिलमध्ये आग्रहानं तिला ट्रिनिटी काउंटीत वीव्हरव्हिलला नेलं, तर ती गाडीतच बसून राहिली. पत्नी म्हणते, "कागदावर सही करायला पाच तास पेट्रोल कोण जाळतं? पुरे आता." जुलैमध्ये एक मित्र मोडॉक-लासेनच्या बाजूला जाणार आहे. "तुझ्या नावानं सही ठोकून येतो, कोणाला कळणार आहे?" असं तो म्हणाला. वाचकांचा प्रश्न: मित्राची सही चालवून घेऊ, मुलीला शेवटचं एकदा ओढून नेऊ, की 52 वर सोडून देऊ?

---

नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि आधी हसू आलं, कारण माझ्या धाकट्या बहिणीला हा प्रकार सांगायला गेले तर ती म्हणाली, "अगं, कॅश लपवून ठेवतात आणि कोणी चोरत नाही?" रोकड नाही गं बाई, डबा. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन ओळी सांगते. 2 मे 2000 ला अमेरिकन सरकारनं जीपीएसमध्ये मुद्दाम ठेवलेली धूसरता काढून टाकली आणि सामान्य माणसाच्या हातातलं यंत्र एका रात्रीत अचूक झालं. दुसऱ्याच दिवशी ऑरेगनमध्ये डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थानं जंगलात एक बादली दडवली, तिच्यात काही वस्तू ठेवल्या आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकले. या, शोधा, काही घ्या, काही ठेवा, वहीत नोंद करा. एवढाच खेळ. आज जगभर असे तीस लाखांच्या वर डबे आहेत. त्यांतल्या काहींना 'आव्हान' जोडलेलं असतं: अमुक अट पूर्ण केलीत तरच हा डबा खेळाच्या संकेतस्थळावरच्या तुमच्या खात्यात जमा. तुमची अट काउंट्यांची.

मग पत्र दुसऱ्यांदा वाचलं, ते पेन्सिल हातात घेऊन. तीन ठिकाणी खूण केली.

पहिली खूण 'सप्टेंबर'वर. आव्हानाची अट तुम्हीच पत्रात उतरवून दिली आहे: प्रत्येक काउंटीत निदान एक शोध, केव्हाही लावलेला. 'केव्हाही' हा शब्द तुमच्याच हातचा आहे. तरी पुढच्या ओळीत तुम्ही लिहिता, "सप्टेंबरच्या आत झालं नाही तर सगळं वाया." कोण म्हणालं वाया? ज्यानं डबा लपवला त्यानं नाही. उलट या खेळात एक मोठी सोय आहे, आणि ती तुम्हाला माहीत असणारच. आव्हानाच्या डब्यातल्या वहीत आज सही करून यायचं, खात्यावर साधी टीप टाकायची, आणि अट पुरी होईल तेव्हा, मग ती पाच वर्षांनी का होईना, तीच नोंद 'सापडला' म्हणून करायची. मुदत तुम्ही घातलीत, आणि ती घातलीत काउंट्यांमुळे नव्हे, तर खोलीतलं एक कपाट रिकामं होणार म्हणून. यात चुकीचं काही नाही. मुलं घराबाहेर पडायच्या वर्षी भलीभली माणसं काहीतरी पुरं करायला घेतात. माझ्या ओळखीतल्या एका बाईंनी मुलगा जर्मनीला जायच्या आधी महिनाभर घर रंगवून घेतलं. पोरगं शेवटचे तीस दिवस रंगाच्या वासात आणि झाकलेल्या फर्निचरात राहिलं.

दुसरी खूण 'आठ मिनिटां'वर. वीव्हरव्हिलबद्दल तुम्ही लिहिलंय: "पाच तास गाडी चालवली, रस्त्याकडेच्या कठड्यामागे डबी आठ मिनिटांत सापडली, सही केली, निघालो. ती उतरलीसुद्धा नाही." हे वाक्य तक्रार म्हणून लिहिलं आहे, पण ती तक्रार मुलीवर आहे की डबीवर, ते मला कळेना. अठरा वर्षांच्या मुलीनं पाच तास बसून कठड्यामागची लोहचुंबकाची डबी बघायला का उतरावं? तुम्ही तरी कशासाठी उतरलात? तर नकाशावरचा एक तुकडा रंगावा म्हणून. त्याच वीव्हरव्हिलला सोन्याच्या शोधात आलेल्या चिनी लोकांचं 1874 चं लाकडी देऊळ आहे, निळ्या दर्शनी भागाचं. ते पाहिल्याचा उल्लेख पत्रात नाही.

इथे मला माझे अण्णा आठवतात. आम्ही लहान असताना त्यांनी टेम्पो करून अष्टविनायक केले, दोन दिवसांत आठ. मोरगावपासून सुरुवात आणि शेवटी पुन्हा मोरगाव, शास्त्रशुद्ध. "पाच झाले, तीन राहिले," असं ते दर थांब्याला म्हणायचे. त्या आठांतल्या सात देवळांचं मला काहीही आठवत नाही. आठवतो तो सिद्धटेक. तेव्हा भीमा होडीनं ओलांडावी लागायची आणि होडीवाला जेवायला गेला होता. अण्णा घड्याळ बघत घाटावर येरझाऱ्या घालत होते आणि मी दोन तास पाण्यात पाय सोडून बसले होते. परत येताना होडीवाल्यानं मला क्षणभर वल्हं धरू दिलं. आता तुम्हीच बघा. तुमच्याही पत्रात 52 काउंट्यांपैकी तुम्ही तपशिलात लिहिलंय ते एका बाकाबद्दल आणि एका निळ्या मण्याबद्दल, आणि ते तर तुमच्या घरापासून चालत जायच्या अंतरावर होतं.

आता काउंट्यांकडेच जरा नीट बघू, कारण तुम्ही त्यांना फारच पवित्र मानता. 1850 मध्ये कॅलिफोर्निया राज्य झालं तेव्हा काउंट्या 27 होत्या. पुढे कापाकापी होत होत 1907 मध्ये सॅन डिएगोतून इंपीरियल वेगळी काढली आणि तेव्हापासून 58. सॅन बर्नार्डिनो ही एकच काउंटी इतकी अवाढव्य की तिच्यात आपला गोवा चौदा वेळा मावेल. सॅन फ्रान्सिस्को म्हणजे एक शहर. लॉस एंजेलिसमध्ये कोटभर माणसं, तर 2020 च्या जनगणनेत अल्पाइनमध्ये होती 1,204. आपल्याकडे एवढी माणसं एका लग्नाला येतात. तुमच्या नकाशात मात्र प्रत्येकीला एकच खूण. आणि गंमत ऐका: लासेन शिखर लासेन काउंटीत नाही, ते शास्तात आहे. आणि शास्ता पर्वत? तो शास्तात नाही, सिस्कियूत. म्हणजे नाव बघून लासेनच्या ज्वालामुखीच्या माथ्यावर चढलात, घाम गाळून डबा शोधलात, तरी तुमच्या यादीतली लासेन रिकामीच. संगणकावरची तपासणी डब्याचे अक्षांश-रेखांश बघते, तुमचा घाम बघत नाही. (लासेनच्या राष्ट्रीय उद्यानाचा थोडा पूर्वेकडचा भाग लासेन काउंटीत येतो, पण निघण्याआधी नकाशावर हद्द बघून घ्या. यात फसलेले लोक बरेच असतील.)

हे सगळं मी आव्हानाला कमी लेखायला सांगत नाही. यादी असली की माणूस घराबाहेर पडतो हे मला मान्य आहे. मोडॉक नावाची जागा आहे हे तुम्हाला या यादीशिवाय कधी कळलं असतं? फक्त यादी कोणी केली आणि तिचा उपयोग कोणी कोणाचा करायचा, एवढं आपल्याला माहीत असावं.

मग मित्राच्या सहीचं. तो म्हणतो ते खरं आहे, बहुधा कोणालाही कळणार नाही. डब्याचा मालक कागदी वही उघडून ताडून बघेल तेव्हा त्याला तुमचं टोपणनाव तिथे दिसेल. संगणकही समाधानी. मी तुम्हाला खरं-खोटं शिकवायला बसणार नाही, तुम्ही एकोणपन्नास वर्षांचे आहात. एवढंच सांगते: आपल्याकडे कोणी पंढरपूरला निघालं की आपण म्हणतो, "आमचाही नमस्कार सांगा." तो नमस्कार पोचतोही. पण त्यावर कोणी "मी वारी केली" म्हणत नाही. मित्राला खुशाल सांगा की मोडॉकचे फोटो पाठव, कुठे काय खाल्लंस ते कळव, कोणता डबा शोधण्यासारखा आहे ते बघून ठेव. एवढा नमस्कार पुरे. सहीचं बघा, त्यातून तुमचे वाचणार काय तर दोन-तीन दिवस आणि सातशे-साडेसातशे मैल. त्या दोन-तीन दिवसांपायीच तर तुम्ही मला पत्र लिहिलंत. ते वाचवून करणार काय?

तिसरी खूण मी केली ती कोऱ्या जागेवर. पत्र चांगलं दीड-दोन पानांचं आहे. सहाही काउंट्यांची नावं आहेत, अंतरं आहेत, मित्राचा आणि पत्नीचा शब्द न् शब्द आहे. मुलीचं एकही वाक्य नाही. "ती येत नाही", "ती उतरली नाही", "तिला आता यात रस नाही." तिला विचारलं होतंत का? "चलतेस का?" हे विचारणं झालं, पण त्याला उत्तर दोनच, हो किंवा नाही, आणि दोन्हींत तुमचाच बेत. तिला हे माहीत आहे का की तुम्हाला हे सप्टेंबरच्या आत का हवंय? माझी खात्री आहे, नाही. तिला एवढंच दिसत असणार की बाबांना 58 करायचे आहेत आणि त्यात आपल्याला सामान म्हणून न्यायचंय. तिच्या स्वतःच्या खात्यावर 31 काउंट्या आहेत असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. म्हणजे 21 काउंट्या तुम्ही तिच्याशिवाय केल्यात. तेव्हाही तुम्हाला त्या 'आपल्या' वाटत होत्या, पण तिच्या खात्यावर त्या नाहीत. त्यामुळे आव्हानाचा डबा तिला स्वतःच्या नावावर घेताही येणार नाही. हे तुमच्या लक्षात आलं होतं का? कागदावर सही मात्र कोणीही करू शकतं, तिथे कसली अट नाही.

म्हणून मला वाटतं, ओढून नेणं हा पर्याय काढूनच टाका. आणि 52 वर सोडणंही नको. रागाच्या भरात टाकलेला छंद घरात पडून राहतो आणि दर दिवाळीला कोणीतरी त्यावरून टोमणा मारतं. तुम्ही सहा काउंट्यांची एक मोहीम करण्याऐवजी त्यांचे वेगवेगळे तुकडे करा. भूगोल तुम्हाला साथ देतो.

लासेन, मोडॉक आणि सिएरा एकाच वाटेवर येतात. ट्रकीहून हमरस्ता 89 नं उत्तरेला गेलात की सिएराव्हिल, पुढे सुझनव्हिल म्हणजे लासेन, तिथून 395 नं शंभरेक मैलांवर अल्टुरास, मोडॉकचं मुख्य गाव. हे दोन मुक्कामांचं काम आहे, आणि ते तुम्ही एकट्यानं करा असं मी सुचवेन. हो, एकट्यानं. किंवा जुलैमध्ये त्या मित्राच्याच गाडीत बसा! सही तो करणार होता ना, मग पेन तुम्हीच धरा. मित्राला सोबत, तुम्हाला काउंट्या, बायकोला दोन दिवस शांतता. तिच्या "पुरे आता"मध्ये दहा वर्षांचे शनिवार आहेत, ते पेट्रोलच्या बिलात मोजू नका. जमलं तर परतीला सिएरातल्या डाउनीव्हिलवरून या. दोन नद्यांच्या संगमावर वसलेलं सोन्याच्या काळातलं गाव आहे, संध्याकाळ घालवावी असं.

अल्पाइन एका लांब दिवसात होते. हमरस्ता 88 वरची कार्सन खिंडच अल्पाइन काउंटीत आहे आणि उन्हाळ्यात तिथे रानफुलं असतात. इथे पत्नीला विचारा. डब्याचं नाव काढू नका असं म्हणणार नाही, लपवाछपवी नको. पण "डबा वीस मिनिटं, बाकीचा दिवस तुझा" असा करार करता येतो. आणि त्या दिवशी कठड्यामागची डबी निवडू नका. शोध लावलेल्यांनी ज्याला पसंतीचे गुण दिलेत, ज्याच्याकडे जायला अर्धा-एक मैल चालावं लागतं, असा डबा घ्या. काउंटीत एकच हवाय ना, मग सर्वांत जवळचा कशाला, सर्वांत चांगला घ्या. तुमच्यासारखे जे किल्ले मोजतात, राष्ट्रीय उद्यानांचे शिक्के जमवतात, पन्नास राज्यं करतात, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. आकडा तोच राहतो, दिवस बदलतो.

डेल नॉर्ट मुलीसमोर ठेवा. बेत म्हणून न मांडता गोष्ट म्हणून मांडा. एका संध्याकाळी, गाडीत नको, ओट्याशी उभं राहून, तिला सांगा: "मला हे सप्टेंबरच्या आत का हवं होतं ते माझं मलाच आत्ता कळलं." पुढचं तुम्ही तुमच्या शब्दांत सांगालच. मग म्हणा, की उत्तरेला हमरस्ता 101 वर रेडवुडची झाडं आहेत, जगातली सर्वांत उंच झाडं त्या पट्ट्यात आहेत, समुद्र आहे, दोन दिवस जाऊ या. डबा शोधायचा की नाही, कोणता शोधायचा, ते तू ठरव. ती नाही म्हणाली तर? तर नाही. हे तुम्हाला आधीच मनाशी पक्कं करावं लागेल, कारण 'नाही' चालणार नसेल तर ते विचारणं नव्हेच. ती मैत्रिणीला घेऊन येते म्हणाली तर लगेच हो म्हणा. या वयात मैत्रीण सोबत असली तर मुली बापाशीही बोलतात, असा माझा अनुभव आहे.

एक तांत्रिक गोष्ट राहिली. निघण्याआधी त्या डब्याच्या शेवटच्या चार-पाच नोंदी वाचा. लागोपाठ तीन जणांनी 'सापडला नाही' लिहिलं असेल तर तो डबा बहुधा नाहीच, साडेतीनशे मैल जाऊन तो शोधू नका. जवळपासचे दोन पर्याय काढून ठेवा. मोडॉक-लासेनकडे फोनला रेंज नसेल असंच धरून चाला आणि नकाशा आधी उतरवून घ्या. आणि प्रत्यक्ष डबाच हवा असं नाही. ज्यात डबा नसतो, भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं पाठवायची असतात, तो प्रकारही काउंटीच्या हिशोबात शोध म्हणूनच धरला जातो. लाव्हाच्या त्या प्रदेशात तो करायला मजा येईल.

उरली इंपीरियल. तुमच्या मुदतीत बसवायची तर ती ऑगस्टमध्ये करावी लागणार. फ्रीमाँटपासून एल सेंट्रो साडेपाचशे मैलांच्या पुढे, समुद्रसपाटीच्याही खाली वसलेलं गाव, उन्हाळ्यात पारा 45 अंशांवर सहज जातो. तिथे भर उन्हात झुडपांत हात घालून डबी शोधायची? मी तुमच्या पत्नीच्या बाजूची आहे. इंपीरियल हा हिवाळ्याचा प्रदेश आहे. 1905 मध्ये कोलोरॅडो नदीनं कालवा फोडला आणि दोन वर्षं पाणी वाहून वाळवंटात सॉल्टन समुद्र तयार झाला. थंडीत त्याच्या काठी उत्तरेकडून पांढऱ्या रानहंसांचे (स्नो गूज) थवे येतात. आणि हा प्रदेश सॅन डिएगोपासून किती लांब? आठ नंबरच्या हमरस्त्यानं पूर्वेला दोन तास.

तुम्ही सहाही काउंट्यांची फ्रीमाँटपासूनची अंतरं लिहिलीत. हे एक अंतर सॅन डिएगोपासून मोजायचं राहिलं होतं. जानेवारी-फेब्रुवारीत तुम्ही दोघं लेकीला भेटायला जाणारच आहात. तिच्या खोलीसाठी तिखट, गोडा मसाला आणि प्रेशर कुकरची शिट्टी नेणार आहात (ती शिट्टी घरी विसरलेली असते, नेहमी). तेव्हा एक दिवस मोकळा ठेवा. तिची परीक्षा असेल तर तुम्ही दोघंच जा, नसेल तर ती येईल. त्यात तिची बत्तिसावी काउंटी होईल की तेहेतिसावी, ते डेल नॉर्टवर अवलंबून.

पेनं मात्र दोन घेऊन जा. डब्यातलं पेन कधीच चालत नाही.